आधी सुई बघा, मग प्रेसिंगला नावं ठेवा

लाइव्ह रॉक अल्बम रेकॉर्डवर नीट वाजत नाहीत, अशा तक्रारींची पत्रं सतत येतात आणि त्यांतला गोंधळ बहुतेक वेळा तोच असतो. म्हणून काही प्रश्न एकत्र घेतले आहेत. जवळजवळ प्रत्येकाचा रोख प्रेसिंगवर, म्हणजे तबकडीच्या त्या-त्या छपाईवर आहे: मूळ प्रत चांगली की नवी, या देशातली की त्या देशातली. माझं काम टर्नटेबलच्या दुरुस्तीचं आणि जुळवणीचं. माझ्यापुढे येणाऱ्या तक्रारींत खरोखर प्रेसिंगचा दोष निघतो, असं फार क्वचित होतं.

प्रश्न: 'लाइव्ह अ‍ॅट लीड्स'ची जुनी प्रत घेतली. मधूनमधून चरचर ऐकू येते, दोनदा धुतली तरी जात नाही. विक्रेत्याने फसवलं का?

बहुधा नाही. द हू या बँडचा हा कार्यक्रम १४ फेब्रुवारी १९७० रोजी लीड्स विद्यापीठाच्या भोजनगृहात झाला आणि ही चरचर मूळ टेपवरच आली. ती इतकी उघड होती की अल्बमच्या लेबलवर हस्ताक्षरात सूचनाच छापली गेली: चरचर चालेल, दुरुस्त करू नका. १९९५ च्या सीडीत ती संगणकाने काढली, त्यामुळे आधी सीडी ऐकलेले लोक रेकॉर्ड लावल्यावर दचकतात.

टेपवरचा दोष आणि तबकडीवरचा दोष वेगळे ओळखता येतात. ३३⅓ फेऱ्यांच्या एलपीला एक फेरी पुरी करायला १.८ सेकंद लागतात. आडवा ओरखडा असेल तर टक् आवाज बरोबर त्याच ठेक्यात, फेरीगणिक येतो. टेपवरच्या चरचरीला असा ठेका नसतो. धूळही बिनठेक्याची वाजते, पण ती धुतल्यावर कमी होते किंवा जागा बदलते. तुम्ही दोनदा धुतली आहे, तेवढं पुरे. आता घासत बसू नका. ज्याच्याकडे दुसरी प्रत आहे अशा जाणकाराबरोबर तोच भाग ऐका, मगच विक्रेत्याशी बोला.

प्रश्न: १८० ग्रॅमच्या रेकॉर्डचा आवाज साध्या रेकॉर्डपेक्षा चांगला असतो का?

वजनाने आवाज सुधारत नाही. स्टिकरवरचे ग्रॅम वाचण्याऐवजी कटिंग (टेपवरचा आवाज मूळ तबकडीत खाचांच्या रूपाने कोरणं) कोणी केलं आणि कोणत्या टेपवरून केलं, ते वाचा.

प्रश्न: लाइव्ह रॉकचा संग्रह सुरू करतोय. आवाजाच्या दृष्टीने तुमचे आवडते तीन अल्बम सांगा.

पहिला डीप पर्पलचा 'मेड इन जपान'. ऑगस्ट १९७२ मध्ये १५ आणि १६ तारखेला ओसाका, १७ तारखेला तोक्योचं बुदोकान, अशा तीन रात्री. ध्वनिमुद्रण मार्टिन बर्चचं, आठ ट्रॅकच्या, म्हणजे आठ आवाज वेगवेगळे नोंदवणाऱ्या टेपवर. अल्बम मुळात जपानपुरताच काढायचा होता. ढोलांचा आघात, विकृत केलेला ऑर्गन आणि गिटार या तिन्हींना स्वतःची जागा आहे, एकही दुसऱ्याच्या अंगावर चढत नाही. आठ ट्रॅकमध्ये एवढी मोकळीक ठेवणं हे ध्वनिमुद्रकाच्या कानाचं श्रेय आहे.

दुसरा ऑलमन ब्रदर्स बँडचा 'अ‍ॅट फिलमोर ईस्ट', मार्च १९७१, न्यूयॉर्क, निर्माता टॉम डाउड. दोन गिटार, दोन ड्रमवादक, ऑर्गन आणि बास एवढा गोतावळा असूनही डोळे मिटून प्रत्येकावर बोट ठेवता येतं. मला कोणी एकच लाइव्ह अल्बम ठेवायला सांगितला तर मी हा ठेवीन.

तिसरा ग्रेटफुल डेडचा 'लाइव्ह/डेड', १९६९. सोळा ट्रॅकच्या यंत्रावर मुद्रित झालेला हा पहिला लाइव्ह रॉक अल्बम. त्याच्या पहिल्या बाजूवर २३ मिनिटांचं 'डार्क स्टार' हे एकच गाणं आहे. एका बाजूवर साधारण २० मिनिटांपुढे गेलं की खाचा दाटीने बसवाव्या लागतात आणि त्यासाठी आवाजाची पातळी उतरवावी लागते. हे गाणं बराच वेळ हळू आवाजात चालतं, म्हणून ती लांबी निभावते. 'फिलमोर ईस्ट'च्या चौथ्या बाजूवरही 'व्हिपिंग पोस्ट' हे एकच, जवळजवळ तेवढ्याच लांबीचं गाणं आहे, पण ते पेटत जातं. तिथे सुईची परीक्षा होते.

कोणती प्रत घ्यायची, हे मी इथून सांगणार नाही. एकाच अल्बमच्या दोन कटिंगमध्ये फरक असतो आणि जुन्या प्रतीची अवस्था हातात घेतल्याशिवाय कळत नाही. शक्य असेल तर वाजवून दाखवणाऱ्याकडूनच घ्या.

प्रश्न: माझ्याकडच्या सगळ्या लाइव्ह अल्बममध्ये प्रत्येक बाजूच्या शेवटी आवाज फाटतो. झांजा आणि टाळ्या तर नुसत्या फसफसतात. स्टुडिओ अल्बममध्ये इतकं जाणवत नाही. सुई टर्नटेबलबरोबर आली तीच आहे, बरीच वर्षं झाली, पण अजून छान वाजते. लाइव्ह अल्बमची प्रेसिंग खराबच असतात का?

"अजून छान वाजते" हे वाक्य मला पत्रांत सर्वांत जास्त वेळा वाचायला मिळतं, आणि माझी सगळी काळजी त्याच वाक्याची आहे. छान वाजत नाही, हे तुम्ही स्वतःच आधीच्या दोन ओळींत लिहिलं आहे.

तबकडी एकाच वेगाने फिरते, पण सुईखालून खाच एकाच वेगाने सरकत नाही. बाहेरच्या कडेला ती सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर सरकते, लेबलजवळ सुमारे २१. तेवढ्याच वेळाचा आवाज तिथे निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो. झांजेतला १० किलोहर्ट्झचा स्वर घ्या. बाहेरच्या खाचेत त्याची एक लहर सुमारे ०.०५ मिलिमीटर लांब असते, आतल्या खाचेत ०.०२. साध्या गोल टोकाच्या सुईची त्रिज्याच जवळपास ०.०१८ मिलिमीटर. एवढं जाड टोक एवढ्या अरुंद वळणात शिरत नाही. ते कडेवर आपटत जातं आणि कानाला ते फाटल्यासारखं लागतं. लंबवर्तुळाकार टोकाची खाचेला टेकणारी बाजू यापेक्षा खूप बारीक असते, म्हणून तिथे त्रास कमी होतो.

आता लाइव्ह अल्बम बघा. स्टुडिओ अल्बमच्या बाजूचा शेवट अनेकदा संथ गाण्यावर करतात, आणि त्याला हेही एक कारण असतं. कार्यक्रमात मात्र सूर चढतच जातो. बाजू संपते तेव्हा ड्रमवादक सगळ्या झांजांवर तुटून पडलेला असतो आणि हजारो लोक टाळ्या वाजवत असतात. टाळ्यांमध्ये वरच्या पट्टीतलं सगळंच एकदम असतं. म्हणजे सर्वांत अवघड आवाज सर्वांत अवघड जागी. थोडी झिजलेली सुई स्टुडिओ अल्बमवर लपून जाते, लाइव्ह अल्बमवर उघडी पडते. दोष अल्बमचा नाही, तो तुम्हाला खबर देतोय.

सुईचं टोक हिऱ्याचं असतं. हिरा कठीण आहे, पण झिजतो. खाचेच्या दोन भिंतींना टेकणाऱ्या दोन जागी तो सपाट होतो, सपाट भागाला धार येते, आणि मग सुई छिन्नीसारखी भिंत तासत जाते. ते नुकसान कायमचं असतं. नवी सुई लावली तरी तासलेली भिंत परत येत नाही. आणि तुमच्या मते छान वाजणाऱ्या या सुईखाली तुम्ही कोणते अल्बम घातले असतील, याचा विचार मला अस्वस्थ करतो.

टोकाच्या आकाराप्रमाणे सुईचं आयुष्य वेगळं असतं. उत्पादक साधारणपणे काहीशे तासांपासून हजार तासांपर्यंतचे आकडे देतात. ५०० तास धरले तर ८० मिनिटांचा दुहेरी लाइव्ह अल्बम पावणेचारशे वेळा. रोज एक ऐकणाऱ्याचं ते वर्षभरात संपतं. बरीच वर्षं म्हणजे किती, हे तुम्ही मोजलेलं दिसत नाही.

एवढं करा, आणि पुढच्या महिन्यावर ढकलू नका. आजपासून त्या सुईवर एकही आवडती रेकॉर्ड लावू नका. सुई सूक्ष्मदर्शकाखाली तपासणाऱ्या तंत्रज्ञाकडे न्या. साध्या भिंगातून झीज दिसत नाही, त्यामुळे "मी पाहिली, ठीक आहे" याला अर्थ नाही. बदलल्यावर कार्ट्रिजचा (सुई ज्यात बसते त्या डबीचा) कोन, सुईचा दाब आणि अँटी-स्केटिंग (सुईची आत ओढली जाण्याची ओढ तोलणारी जुळवणी) त्याच्याकडूनच जुळवून घ्या. फाटलेपणा एकाच स्पीकरमधून जास्त येत असेल तर तेही त्याला सांगा, जुळवणी चुकल्याची ती खूण असते. आवाज थरथरतो म्हणून सुई धरणाऱ्या दांडीच्या टोकावर नाणं ठेवण्याचा सल्ला कोणी दिला असेल तर तो विसरा. दाब कार्ट्रिजच्या उत्पादकाने ठरवलेला असतो. अनेकांसाठी तो दीड ते दोन ग्रॅमच्या आसपास आहे, पण तुमच्या कार्ट्रिजचा आकडा पुस्तिकेत बघा. कमी दाबही घातक असतो, कारण सुई उडते आणि भिंतीवर आदळते.

एवढं सगळं नीट केल्यावरही तीच रेकॉर्ड त्याच जागी फाटत असेल, तर खाच आधीच तासली गेली आहे किंवा कटिंगच जास्त पातळीवर झालं आहे. तेव्हा प्रेसिंगबद्दल बोलू. त्याआधी नाही.

प्रश्न: दुहेरी अल्बमच्या एका तबकडीवर पहिली आणि चौथी बाजू आहे, दुसरीवर दुसरी आणि तिसरी. छपाईची चूक?

चूक नाही. एकावर एक तबकड्या आपोआप टाकणाऱ्या जुन्या चेंजर यंत्रांसाठी ही रचना करत. पहिली आणि दुसरी बाजू ओळीने वाजवून मग गठ्ठा उलटायचा. तुमच्याकडे असं यंत्र असेल तर वापरू नका.

प्रश्न: लाइव्ह अल्बम म्हणजे सगळा स्टुडिओत केलेला बनाव असतो, असं ऐकलं. खरं का?

"सगळा" नाही. थिन लिझीच्या १९७८ च्या 'लाइव्ह अँड डेंजरस'बद्दल निर्माता टोनी व्हिस्कॉन्टीने सांगितलं की सुमारे तीन चतुर्थांश भाग स्टुडिओत पुन्हा वाजवला, बँडच्या बाजूने ते नाकारलं गेलं. किसच्या १९७५ च्या 'अलाइव्ह!'मध्येही दुरुस्त्या झाल्या आहेत. ग्रेटफुल डेडने 'युरोप ७२'चं बरंचसं गायन नंतर पुन्हा मुद्रित केलं. यावरून आवाजाचा दर्जा ठरत नाही. अमुक अल्बम अस्सल आहे का, हा प्रश्न त्या अल्बमपुरता विचारा आणि मुद्रकाच्या किंवा निर्मात्याच्या मुलाखतीत उत्तर शोधा. ऐकीव गोष्टी पुढे ढकलू नका.

प्रश्न: नामांकित बँडच्या न ऐकलेल्या मैफलींच्या 'रेडिओ ब्रॉडकास्ट' रेकॉर्ड विकायला असतात. घ्याव्यात का?

मी घेत नाही. एफएम प्रसारणात १५ किलोहर्ट्झच्या वरचं काही ठेवलेलं नसतं, त्यावर प्रसारणाचं दाबीकरण (मोठ्या आणि हळू आवाजातला फरक कमी करणं), आणि बहुतेकदा मूळ टेपऐवजी कोणाच्या तरी घरच्या मुद्रणाची प्रत. वेष्टन मात्र भारी, रंगीत तबकडी, 'मर्यादित आवृत्ती'चा शिक्का. मागे बघा: मुद्रकाचं नाव नाही, बँडच्या कंपनीचा उल्लेख नाही, टेप कुठून आली याचा पत्ता नाही. जिथे स्रोत लपवला जातो तिथे लपवण्यासारखं काहीतरी असतं, आणि वादकांना यातून बहुधा काही मिळत नाही. घ्यायचीच असेल तर परतीची सोय असलेल्याकडून, आधी ऐकून घ्या.

प्रश्न: 'पूर्णपणे अ‍ॅनालॉग' लिहिलेलं असेल तर विश्वास ठेवावा का?

टेपपासून कटिंगपर्यंतच्या पायऱ्या लिहिलेल्या असतील तर ठेवा. मोबाइल फिडेलिटी या प्रतिष्ठित कंपनीच्या महागड्या रेकॉर्डमध्ये डिजिटल पायरी असल्याचं २०२२ मध्ये उघड झालं, तोवर जाणकार त्या शुद्ध अ‍ॅनालॉग समजून वाखाणत होते. डिजिटल पायरीने आवाज बिघडतोच असं नाही. टॉकिंग हेड्सच्या 'स्टॉप मेकिंग सेन्स'चं मुद्रणच डिजिटल होतं आणि तो सुरेख वाजतो. ग्राहकाला खरं सांगितलं नाही, याचा मला राग आहे. शंका असेल तर कंपनीला लेखी विचारा.

प्रश्न: रेकॉर्ड ओली ठेवून वाजवली तर खरखर जाते म्हणे?

वाजवू नका. पाण्यात सुटलेला मळ सुकल्यावर खाचेच्या तळाशी बसतो, आणि पुढच्या वेळी कोरडी लावली की जास्त खरखरते.

प्रश्न: काकांनी जमवलेले शंभरेक लाइव्ह आणि इतर रॉक अल्बम मिळाले आहेत. काही आडवे रचलेले, काहींवर बुरशी. सवड मिळाली की बघू म्हणतोय. तोवर एखादा लावून पाहिला तर चालेल?

चालणार नाही. बुरशी सुईबरोबर खाचभर पसरते आणि एका तबकडीवरून दुसरीवर जाते. सवडीची वाट बघू नका. आडवे गठ्ठे आजच उभे करा, कारण वजनाखाली तबकड्या वाकतात. बुरशीच्या बाजूला काढा, आतली कागदी पाकिटं टाकून द्या, बाहेरची वेष्टनं ठेवा. घरगुती साबण किंवा व्हिनेगर लावू नका. शोषण यंत्राने रेकॉर्ड धुणाऱ्याकडे आधी कमी महत्त्वाच्या दोन-तीन द्या, निकाल बघा, मग बाकीच्या द्या. वाकलेल्या तबकड्या उन्हात किंवा काचेखाली तापवून सरळ करायचा प्रयत्न करू नका, खाचा कायमच्या जातील. आणि काकांचं टर्नटेबलही मिळालं असेल, तर त्याची सुई आधी काढून ठेवा.