जुन्या प्रीमियर पद्मिनीचे पॉइंट (ठिणगीसाठी प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावं का? कोणतं घ्यावं?

बसवा, पण आधी डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक प्लगला ठिणगीचा प्रवाह वाटणारा भाग, तपासा. कॅप काढा आणि रोटरची दांडी बोटांनी आडवी हलवून बघा. खटखट हलली तर बुश, म्हणजे दांडीला धरणारी नळी, झिजलाय. तो बदलल्याशिवाय कितीही महागडं किट आणलंत तरी ठिणगीचं टायमिंग एका जागी राहणार नाही.

दांडी घट्ट असेल तर 1089 सीसीच्या त्या इंजिनाला पॉइंटच्या जागी, कॅपच्या आतच मावणारं सेन्सर मॉड्यूल पुरे. अख्खा डिस्ट्रिब्युटर बदलू नका. गाडीचं मूळ रूप जपणं मला फार मोलाचं वाटतं. किट घेण्याआधी कॉइलचा (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) रेझिस्टन्स मल्टिमीटरने मोजा. दीड ओहमची कॉइल बॅलास्टशिवाय (प्रवाह कमी ठेवणारा रेझिस्टर) लावली तर मॉड्यूल जळू शकतं. अशा किटना साधारण 3 ओहमची लागते. इंजिन बंद असताना चावी ऑन ठेवू नका.

मुंबईच्या पावसात मिसिंग होतं, म्हणजे मध्येच ठिणगी चुकते, ते बरेचदा कॅपला गेलेल्या बारीक तड्यामुळे नाहीतर जुन्या प्लग वायरींमुळे. कॅप आणि वायरी आधी बदला, कुर्ल्याला सीएसटी रोडवर विचारून बघा. काढलेले पॉइंट आणि कंडेन्सर डिकीतच राहू द्या. मॉड्यूल गेलं तर रस्त्यात दुरुस्त होत नाही. पॉइंट परत बसवून घरी तरी पोचाल.