दूध काढायला जागा हवी, हे साहेबांना सांगू कसं?

प्रश्न : ताई नमस्कार, मी तासगावची, सांगलीत विश्रामबागला एका पतसंस्थेत क्लार्क आहे. बाळ साडेपाच महिन्यांचं झालं, गेल्या सोमवारपासून कामावर परत आले. सकाळी नऊला एसटी धरते ते घरी पोचायला पावणेसात होतात. बाळ अजून पूर्ण अंगावरच आहे. साडेअकरा वाजले की छाती दगडासारखी होते, परवा कॅश काउंटरवर बसलेले असतानाच ब्लाऊज भिजला, समोर गिऱ्हाईक, पदर ओढून घेतला आणि अर्धा तास जागची उठलेच नाही. ऑफिसात आम्ही १४ जण, त्यात बायका दोघीच. बाथरूममध्ये पंप घेऊन जाते पण तिथे वास, बाहेरून कुणीतरी कडी वाजवतं, कसंबसं २० मिली निघतं. घरी तेच ८० निघतं. सासूबाई म्हणतात दूध आटत चाललंय, पावडर चालू कर. मॅनेजर साहेब स्वभावाने चांगले आहेत पण त्यांना हे कुठल्या तोंडाने सांगू?

उत्तर : अगं, घरी ८० निघतं म्हणतेस ना, मग दूध आटलंय कुठे? पान्हा फुटायला ऑक्सिटोसिन नावाचं हार्मोन लागतं आणि भीती, घाई, लाज यांनी ते अडतं. कडी वाजतेय आणि तू श्वास धरून बसलीयेस, दूध उतरणार कसं! पण एक आहे, हे असंच चालू राहिलं तर मात्र खरंच कमी होईल, कारण छातीत दूध साठून राहिलं की शरीर नवीन बनवणं कमी करतं. म्हणून हे पुढच्या महिन्यावर ढकलू नकोस, याच आठवड्यात साहेबांशी बोल.

आणि बाथरूम आजपासून बंद. आपण तिथे बसून डबा खाऊ का? मग बाळाचं जेवण तिथे का काढायचं.

मला हे फार लागतं कारण मी यातून गेलेय. आमच्या वेळी रजा १२ आठवड्यांची, बाळ घरी कराडला आणि मी साताऱ्यात नोकरीला, पंप वगैरे कुणी बघितलेला नव्हता. दुपारी बेसिनपाशी उभं राहून दूध पिळायचं आणि नळ सोडायचा. पांढरं पाणी जाळीतून खाली जाताना बघत राहायचे. नंतर तेही टाळायला लागले, गाठ झाली, थंडी वाजून ताप आला, आणि कुणाला सांगितलं नाही. एका वाक्याने काम झालं असतं ते मी बोलले नाही, म्हणून तुला सांगतेय की तू बोल.

साहेबांना फार काही समजावत बसू नकोस, सरळ म्हण, "सर, बाळ लहान आहे, मला सव्वाअकराला आणि साडेतीनला वीस-पंचवीस मिनिटं आतून कडी लागणारी एक खोली लागेल, काउंटर त्या वेळी कोण सांभाळेल ते मी ठरवून ठेवते." तोंडाने जमत नसेल तर दोन ओळींचा अर्ज दे, त्यात लाज कमी वाटते आणि नोंदही राहते. तुझ्या बाजूने कायदा आहे. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्यातच बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन ब्रेक दिलेत, ते जेवणाच्या सुट्टीशिवाय वेगळे, आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तीच तरतूद ठेवली आहे. १० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना हे लागू होतं, तुम्ही १४ आहात. (५० किंवा जास्त असतील तर पाळणाघरही द्यावं लागतं, २०१७च्या दुरुस्तीपासून.) कायद्यात शब्द बाळाला पाजण्यासाठी असा आहे, पंपाचं नाव नाही, पण तुझं बाळ २५ किलोमीटरवर तासगावात आहे, मग त्या ब्रेकमध्ये दूध काढणं हेच त्याला पाजणं. आणि एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष असतात हे साहेबांनीही बघितलं असेलच, रायगडाचा कडा उतरून बाळाकडे गेलेल्या हिरकणीच्या नावाने, तेव्हा ही मागणी काही जगावेगळी नाही.

खोली म्हणजे रेकॉर्ड रूम चालेल, खुर्ची आणि हात धुवायला जवळ पाणी असलं की झालं. पण पतसंस्था आहे, तेव्हा तिथे कॅमेरा नाही ना ते आधी बघ, हे विसरू नकोस.

बसलीस की पहिली दोन मिनिटं मोबाइलवर बाळाचा व्हिडिओ बघ, त्याचं न धुतलेलं झबलं पिशवीत ठेव, त्या वासाने खरंच पान्हा येतो. पंप लावायच्या आधी आणि नंतर थोडं हाताने काढ. अंगठा वर, बोटं खाली, काळसर भागाच्या कडेला धरायचं, आधी छातीकडे मागे दाबायचं आणि मग अंगठा-बोटं जवळ आणायची, कातडीवरून हात घासायचा नाही. आधी थेंब येतात, मग धार लागते, धार मंदावली की बाजू बदल. पंप दुखत असेल तर त्याच्या फनेलचा साइज चुकलेला असतो बऱ्याचदा, तो वेगळा मिळतो.

ऑफिसात फ्रीज नसेल तर जाड इन्सुलेटेड बॅग आणि गोठवलेले दोन-तीन जेल पॅक घे, त्यात घट्ट झाकणाच्या बाटल्या २४ तास टिकतात. बाहेर ठेवायचं तर २५ डिग्रीपर्यंत ४ तास म्हणतात, पण सांगलीचा एप्रिल-मे तुला माहितीये, तेव्हा काढलं की लगेच बॅगेत. पंपाचे भाग दर वेळी साबणाने धू आणि घरी रोज एकदा ५ मिनिटं उकळ.

किती लागेल याचा हिशोब म्हणशील तर तू नसताना तासाला साधारण २५ ते ३० मिली धर, म्हणजे तुझ्या पावणेदहा तासांना २५० ते ३०० मिली. निघताना आणि आल्या आल्या अंगावर पाज, रात्रीही पाज, रात्रीच्या पाजण्याने दूध चांगलं टिकतं. शिवाय दोन आठवड्यांत ६ महिने होतील, मग नाचणीचं सत्त्व, मऊ वरणभात सुरू झाला की दुपारचा भार थोडा हलका होईल. अळीवाची खीर आवडत असेल तर खा जरूर, पण दूध टिकतं ते छाती रिकामी झाल्याने. आणि बाटलीवरच्या रेघा बघून रडू नकोस, बाळ जेवढं ओढतं तेवढं कुठलाच पंप ओढत नाही. गाठ, लाली, ताप असं काही झालं तर पाजणं थांबवू नकोस आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : मी कोरेगावची. सून साताऱ्याला एमआयडीसीत कामाला जाते, दूध काढून फ्रीजमध्ये ठेवते. त्याला वर पिवळट साय आणि खाली पाणी दिसतं, नासलं म्हणून मी दोनदा मोरीत ओतलं, तर सून रडली. शिळं दूध नातवाला द्यायला मन धजत नाही हो.

उत्तर : काकू, तुमचा जीव नातवासाठी तुटतो म्हणूनच विचारलंत. ते नासलेलं नव्हतं. आईच्या दुधातली चरबी वर येतेच, बाटली हलक्या हाताने गोल फिरवा, मिसळून जाईल. कधी साबणासारखा वास येतो तोही चालतो, आंबट वास आला तरच टाका. फ्रीजमध्ये आतल्या बाजूला ४ दिवस चांगलं राहतं, दारात मात्र ठेवू नका. गॅसवर उकळायचं नाही, गरम पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवून कोमट करा. वाटी-चमच्याने पाजा आणि वाटीत थोडं थोडंच घ्या, कारण उष्टं उरलेलं २ तासांनंतर टाकावंच लागतं, आणि ते तिने कसं काढलंय हे आता तुम्हाला माहिती आहे. सून यायच्या आधीच्या तासात पोटभर पाजू नका, बाळ थोडं भुकेलं राहू द्या, ती भरल्या छातीने दारात येते, हातपाय धुतले की लगेच त्याला तिच्या मांडीवर द्या.