ॲप बंद झालं, आता समोरासमोर पोकर खेळणाऱ्यांत ओळखी कशा वाढवू आणि नाव कसं कमवू?

तुमच्या प्रश्नात चार गोष्टी आहेत. तुम्ही संभाजीनगरचे. चार वर्षं मोबाइलवर पोकर खेळलात, ऑगस्ट 2025 मध्ये कायदा आला आणि पैशांचा ऑनलाइन खेळ बंद झाला. मग मित्राच्या मित्राकडे एका शनिवारी खेळायला गेलात, दीड तासात सगळ्यांत जास्त चिप्स तुमच्यापुढे, एकाला त्याची चूक नीट समजावून सांगितलीत आणि सकाळी काम होतं म्हणून निघालात. नंतर दोनदा मेसेज केला, उत्तर नाही. तुम्ही विचारताय की ओळखी कशा वाढवू. मला वाटतं, त्या लोकांनी का टाळलं, हे तुम्हाला जास्त टोचतंय.

मी लातूरचा, आडतीत मुनीम आहे. 2016 पासून आमचा सात-आठ जणांचा गट बसतो. पैसे लावत नाही, ते आधीच सांगतो. सुरुवातीला चिप्स नव्हत्या तेव्हा चिंचोक्यांवर खेळायचो, आता चिप्स आल्या तरी तोंडात शब्द चिंचोकेच बसलाय. पॉइंट एका वहीत लिहितो आणि संक्रांतीच्या सुमारास जो वहीत तळाला असेल त्याच्या शेतात हुरडा. तेवढाच दंड. घरी पैसे लावून बसायचं म्हणाल तर आपल्याकडे 1887 चा जुगार कायदा अजून लागू आहे. त्यातून निव्वळ कौशल्याचे खेळ वगळलेत. रमीत मुख्यतः कौशल्य आहे असं सुप्रीम कोर्टाने 1967 मध्येच म्हटलं, पण पोकर त्यात धरायचा की नाही यावर वाद आहेत. गुजरात हायकोर्टाने तर 2017 मध्ये पोकरला नशिबाचा खेळ ठरवलं. हा वाद पोलीस दारात उभे असताना घालता येत नाही. आणि पोकरवाल्यांत नाव होण्याआधी गावात नाव सांभाळायचं असतं. ‘पोरगा पत्ते खेळतो’ एवढ्या एका वाक्यावर आपल्याकडे सोयरीक मोडते, तिथे फ्लॉप म्हणजे टेबलावर उघडणारे पहिले तीन पत्ते आणि रिव्हर म्हणजे पाचवा, शेवटचा, हे कुणाला समजावून सांगणार?

आता तुमचा शनिवार. नव्या माणसाने जिंकण्याचं कुणाला वाईट वाटत नाही. जिंकून उठण्याचं वाटतं. बाकीच्यांना गेलेलं परत मिळवायची संधीच राहत नाही. तुम्हाला खरंच काम असेल, पण मग बसतानाच सांगायचं, ‘मी साडेदहाला निघणार’. मग साडेदहाला तुमच्यापुढे डोंगर असो की काही नसो, कुणी ब्र काढत नाही. जिंकल्यावर आठवलेलं काम मात्र कुणाला पटत नाही.

दुसरं, ते समजावणं. तुम्ही लिहिलंय की टर्नपर्यंत, म्हणजे टेबलावरचा चौथा पत्ता उघडेपर्यंत, हातातले धरून त्याच्याकडे चारच बदाम होते, तरी त्याने तुमची मोठी बेट कॉल केली, म्हणजे तेवढ्याच चिप्स टाकल्या, आणि रिव्हरला पाचवा बदाम आला. तुमचं गणित बरोबर आहे. न दिसलेले 46 पत्ते, त्यात बदाम 9, म्हणजे साधारण पाचात एकदा. पण ते गणित तुम्ही सहा जणांसमोर, त्याच्याच घरात, त्याच्या बायकोने चहा आणून ठेवला असताना मांडलंत. तो पाचातले चार वेळा हरणार आहे, त्याचं त्याला कळू द्या की. त्याला शहाणा करून तुमचा फायदा नाही आणि लाजवून तर अजिबात नाही. त्याने स्वतःहून विचारलं तर टेबलावरून उठल्यावर, बाहेर गाडी काढताना सांगा. मी तर एवढंच म्हणतो, ‘भारी लागला राव’. माझ्या तोंडून ते निघायला दोन वर्षं लागली, खोटं कशाला बोलू.

माझी स्वतःची चूक तुमच्यापेक्षा मोठी होती.

आमच्यात एक मामा आहेत. नात्याने कुणाचेच नाहीत, सगळ्यांचे मामा. कापडाचं दुकान, वय साठीच्या पुढे, तीन पत्तीत आयुष्य गेलेलं, पोकर आमच्याकडून शिकले. गटात येऊन मला तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. हातात दोन अठ्ठ्या. फ्लॉपला बादशा, अठ्ठी, चव्वी. टर्नला चौथी अठ्ठी. रिव्हरला दुर्री. त्या डावात मला हरवणारा हात गड्डीत उरलाच नव्हता. मामांनी सगळे चिंचोके पुढे ढकलले. मी लगेच कॉल करून पत्ते उलटे करायला पाहिजे होते. मी काय केलं? डोकं धरलं. उसासा टाकला. पत्ते वर केले, खाली ठेवले. मामा म्हणाले, “दम खायलास कशाला बे? नसंल तर दे टाकून, उगं सगळे घालवशील.” खरंच काळजीने म्हणाले. मी आणखी अर्धा मिनिट नाटक केलं, मग ‘बघू तरी’ म्हणत एक अठ्ठी उलटी केली, थांबलो, मग दुसरी.

मामांकडे दोन बादशा होते. फुल हाउस, म्हणजे तीन बादशा आणि दोन अठ्ठ्या; माझ्या चार अठ्ठ्यांच्या खालचाच हात. कुणी हसलं नाही. मामांनी चिंचोके माझ्याकडे सरकवले आणि आत बघून म्हणाले, “चहा टाका गं.” पुढचे तीन महिने मला फोन नाही.

याला स्लो रोल म्हणतात, आणि जगात कुठल्याही टेबलावर हे वाईटच समजतात, हे मला नंतर कळलं. नियमात काही चुकलेलं नसतं. शेवटी मी दुकानात गेलो. मामा तागा गुंडाळत होते. ‘मामा, त्या दिवशी चुकलो’ एवढंच म्हणालो. ते म्हणाले, “पत्त्याचं काय नाही रे. मी तुला चांगलं सांगायलो होतो आणि तू आतून हसायलास.” यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. पुढच्या शनिवारी निरोप आला, पण तसाच आला: लवकर ये, चिंचोके मोजायला माणूस नाही.

तेव्हापासून मी अर्धा तास आधी जातो. प्रत्येकाची चळत लावतो, शेवटी थांबून मोजून डब्यात भरतो, वहीत बेरीज टाकतो. आज गटात माझं जे काही नाव आहे ते या हमालीचं आहे, खेळाचं नाही. खेळात आमच्याकडे एक शाळेतले गणिताचे सर आहेत, ते माझ्यापेक्षा कितीतरी पुढे. पण डावात वाद झाला तर विचारतात मला, कारण वही माझ्याकडे.

मोबाइलवरून आलेल्यांच्या काही खोडी असतात, त्याही सोडा. पाळी नसताना पत्ते फेकणं. स्वतः पॅक झाल्यावर शेजाऱ्याला ‘माझ्याकडे तर राणी होती’ म्हणणं. डावातल्या माणसाला ती राणी आता येणार नाही हे फुकट कळतं. मोठ्या किमतीच्या चिप्स मागे लपवून ठेवणं. आणि कानात इअरफोन, डोळ्यांवर काळा गॉगल. एका पोराने हुरड्याच्या शेतात, आगटीशेजारी तसा गॉगल लावला होता. त्याला आम्ही अजून गॉगलच म्हणतो.

तीन पत्तीवरून आलेल्यांची खोड वेगळी: ‘तुझे पाचशे... आणि वर हजार!’ आधी कॉल इतक्या चिप्स टाकायच्या, समोरच्याचा चेहरा बघायचा, मग वाढवायचं. घरी खपतं, बाहेर नाही. मी पहिल्यांदा गोव्याला स्पर्धा खेळायला गेलो, पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या बोटीवर, तेव्हा रेज करायचा, म्हणजे बेट वाढवायची, म्हणून पाच हजारांची एक चिप न बोलता पुढे टाकली. डीलर म्हणाली, कॉल. तोंडाने न सांगता एकच मोठी चिप टाकली तर तो कॉलच धरतात. मी तिच्याशी हुज्जत घातली, आवाज चढला. शेजारचा नांदेडचा निघाला. हळूच म्हणाला, “भाऊ, बरोबर बोलायली ती. ‘रेज’ म्हणायचं, मग टाकायचं.” ब्रेकमध्ये जाऊन त्या मुलीला सॉरी म्हणालो. तो नांदेडचा गडी आज माझा सगळ्यात जवळचा पोकरमित्र आहे; त्याचं म्हणणं, तू डीलरकडे परत गेलास म्हणून मी तुझा नंबर घेतला.

त्याच्यासोबत एक व्यवहारही चालतो, तोही सांगतो कारण मैत्री तिथेच तुटते. स्पर्धेची फी मोठी असते, म्हणून एकमेकांचा हिस्सा घेतात. फी वीस हजार असेल तर मी दोन हजार देऊन त्याचे दहा टक्के घेतो. जिंकला तर बक्षिसाचे दहा टक्के माझे. आम्ही हे खेळ सुरू होण्याआधी मेसेजवर लिहितो, आणि हेही की हिस्सा टीडीएस कापायच्या आधीच्या रकमेवर की हातात पडलेल्या. तीस टक्के कापले जातात, तो फरक लहान नाही. पैसे त्याच दिवशी. आडतीत शेतकरी पट्टी घेतल्याशिवाय गाडी हलवत नाही, तसंच. उसने मात्र मी देत नाही आणि मागत नाही. ज्याने टेबलावर उसने मागितले, त्याच्याशेजारची खुर्ची पुढच्या वेळी रिकामी राहिलेली मी पाहिलीय.

खेळ एकट्याचा असला तरी जोडीदार लागतोच. भारतीयांना वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर या मोठ्या स्पर्धेचं पहिलं ब्रेसलेट, म्हणजे विजेत्याला मिळणारं कडं, 2017 मध्ये मिळालं तेही टॅग टीम स्पर्धेत, निपुण जावा आणि आदित्य सुशांत या दोघांना. एकाच चळतीवर आळीपाळीने बसायचं. आपल्या चिप्स दुसऱ्याच्या हाती देऊन उठून जायचं म्हणजे काय, याचा विचार करा. माझ्याच्याने मामा सोडून कुणासाठी झालं नसतं.

आता तुम्ही करायचं काय? मेसेज करू नका, ज्याच्या घरी खेळ होता त्याला फोन करा. लांबलचक माफी नको, माणूस अवघडतो. ‘मागच्या वेळी मधूनच निघालो आणि जरा जास्तच बोललो. या वेळी शेवटपर्यंत बसतो, गड्ड्या मी आणतो’, इतकं पुरे. प्लास्टिकच्या आणा, कागदी पत्त्यांचे कोपरे दुमडतात आणि मग एक्का पाठीवरूनही ओळखू येतो. दोन आणा, वेगवेगळ्या रंगाच्या पाठीच्या: एका गड्डीचा डाव चालू असतो तोवर दुसरी पिसून तयार असते. पिसायचं काम तुम्ही घ्या.