स्वतःच्या पीएस२ गेम डिस्कची कॉपी काढली तर गुन्हा होतो का?

तुम्ही विचारलंय की पीएस२ च्या (म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन २ या गेम कन्सोलच्या) ओरिजिनल डिस्क तुमच्याकडे आहेत, त्या खराब व्हायच्या आत कॉपी काढून ठेवली तर बेकायदेशीर ठरेल का. भारतात राहत असाल आणि डिस्क खरंच तुमची असेल तर स्वतःपुरती कॉपी काढायला कायदा आडवा येत नाही. मी वकील नाही, पण हा कायदा नीट बसून वाचलाय, कारण आमचं घर कोकणात, एका पावसाळ्यानंतर कपाट उघडलं तर चार डिस्कवर बुरशीचे डाग, एक तर लोडिंगच्या पुढे जाईचना आणि तो गेम आता नवा मिळणार कुठून, फार जीवाला लागलं ते.

कॉपीराइट ॲक्ट १९५७ चं कलम ५२ बघा. काय केलं तर उल्लंघन धरायचं नाही ते त्यात दिलंय. ५२(१)(एए) म्हणतं की प्रोग्रॅमची कायदेशीर प्रत ज्याच्याकडे आहे त्याने ती हरवेल, खराब होईल म्हणून बॅकअप काढला तर चालतं. (एडी) तर अजून सरळ आहे, स्वतः कायदेशीरपणे मिळवलेल्या प्रतीवरून स्वतःच्या वापरासाठी कॉपी, फक्त धंदा नको. गेममधलं म्युझिक, व्हिडिओ हे प्रोग्रॅम नाहीत असं कोणी म्हणालंच, तर त्यासाठी (ए) मध्ये खाजगी वापराची सूट आहेच.

आता कॉपी प्रोटेक्शन. लोकांना वाटतं डिस्क वाचली म्हणजे कुलूप तोडलं, पण पीएस२ ची डिस्क कॉम्प्युटरच्या साध्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये वाचता येते आणि आयएसओ, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकच फाइल, बनते (खालून निळी दिसणारी असेल तर ती सीडी आहे, तिची बिन-क्यू, म्हणजे सीडीच्या प्रतीची फाइलींची जोडी, काढा). कुलूप आहे ते कन्सोलमध्ये, डिस्क अस्सल आहे का ते तो तपासतो, म्हणून राइट केलेली डिस्क मॉडचिपशिवाय (ही तपासणी चुकवायला कन्सोलमध्ये बसवलेली चिप) किंवा तसल्या काही सोयीशिवाय चालत नाही. इथे याच कायद्यात २०१२ ला आलेलं कलम ६५ए लागतं, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, पण त्यात हक्कांचं उल्लंघन करायच्या हेतूने असं स्पष्ट लिहिलंय आणि कायद्याने मनाई नसलेल्या कामाला सूट दिलीये. माझ्या मते स्वतःच्या बॅकअपसाठी केलेलं त्या सुटीत बसतं. अमेरिकेत मात्र १९९८ च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्यात कुलूप उघडणं हाच वेगळा भंग आहे, त्यामुळे तिकडच्या भावाबहिणीला हे उत्तर जसंच्या तसं पाठवू नका.

आपल्याकडे खरी गडबड दुसरीकडेच होते. डिस्क आहे ना मग आयएसओ नेटवरून उतरवली तर काय बिघडलं, असं बरेच जण म्हणतात, पण (एडी) मध्ये तुमच्या प्रतीवरून काढलेली कॉपी म्हटलंय, कोणीतरी बेकायदा अपलोड केलेली नव्हे. इम्युलेटरला (कॉम्प्युटरवर पीएस२ चे गेम चालवणारा प्रोग्रॅम) लागणारी बायॉस फाइल, म्हणजे कन्सोलच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर, तीही तशीच, स्वतःच्या कन्सोलमधूनच काढा. मित्राला कॉपी देऊ नका, आणि ओरिजिनल विकलीत तर कॉपी पण डिलीट करा, कारण मग तुमच्याकडे कायदेशीर प्रत उरतच नाही. आणि तेव्हा गल्लीतल्या दुकानातून घेतलेल्या, मार्करने नाव लिहिलेल्या डिस्क असतील तर त्या मुळातच पायरेटेड, त्यांना यातलं काहीच लागू नाही.

बुरशी दिसली असेल तर आधी मऊ कापडाने मधून बाहेर अशी सरळ पुसा, गोल गोल नको, आणि मगच ड्राइव्हमध्ये घाला. माझ्या चारातल्या तीन अशाच वाचल्या.