घरी रेकॉर्ड केलेल्या कॅराओके सीडींवर कागदी लेबल चिकटवावं का?

शक्यतो नकोच. सीडीत आवाज साठवणारा थर छापील बाजूच्या लाखेला अगदी लागून असतो. स्टिकर सोलायला गेलात की तोही निघून येतो. माझ्या मावशीच्या आवाजाची एकुलती एक सीडी मी अशीच घालवली, अजून रुखरुख लागते. शिवाय स्टिकर जरा तिरका बसला तरी चकती फिरताना डुगडुगते.

सीडीचा ट्रे असलेला इंकजेट प्रिंटर असेल तर पांढऱ्या पृष्ठभागाच्या 'प्रिंटेबल' सीडी घ्या, मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारून बघा. चकती १२० मिमीची, मधलं भोक १५ मिमीचं. मजकूर कडेपासून थोडा आत ठेवा. मुंबईच्या पावसाळ्यात शाई सुकायला एक अख्खा दिवस द्या.

ट्रे नसेल तर चकतीवर पाण्याच्या शाईच्या सीडी मार्करने फक्त नंबर घाला, बाकी सगळं डबीच्या कव्हरवर. ते १२० बाय १२० मिमी. छापताना 'फिट टू पेज' बंद करून १०० टक्के ठेवा. गाणं, मूळ गायक, तारीख, कोण गायलं हे लिहाच, पण पट्टी, म्हणजे पेटीवरचा कुठला सूर धरून गायलात ते, विसरू नका: काळी चार की पांढरी पाच. पुढच्या वेळी गाताना तीच आधी शोधली जाते.