मॉनिटर चालूच होत नाही, दुकानदार म्हणतो पॅनेल गेलं. नवीन घ्यावा का?

नका घेऊ. निदान त्या दुकानदाराच्या सांगण्यावरून तर नकोच.

तुम्ही लिहिलंय की सीपीयूचा पंखा फिरतो, पण मॉनिटरवरचा बारका दिवासुद्धा लागत नाही. मग पॅनेल गेलं हे त्याला कळलं कुठून? पॅनेल, म्हणजे चित्र दिसतं तो पडदा, बिघडलं की रेघा येतात, डाग पडतात, कधी नुसता पांढरा पडदा दिसतो. दिवा मात्र लागतो. सीपीयूची पॉवर केबल काढून मॉनिटरला लावून बघा, सहसा दोन्हींची एकसारखीच असते. तरी दिवा लागला नाही तर आतला पॉवर सप्लायचा बोर्ड बघायला हवा.

तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही, कारण हेच वाक्य मी ऐकून घेतलंय. मी सोलापुरात टॉवेलच्या जॅकार्ड डिझाइनचं, म्हणजे विणीतच उठणाऱ्या नक्षीचं, काम करते. बसायची खोली मागांच्या शेडला लागून, वर पत्रा. माझा मॉनिटर सकाळी बटण दाबलं की दिवा लुकलुकायचा, विझायचा, बऱ्याच वेळानं धरायचा. मे महिना आला आणि एके दिवशी धरलाच नाही. दुकानातल्या मुलानं बटण दाबलं, स्क्रू ड्रायव्हर हातातसुद्धा न घेता सांगून टाकलं, "मॅडम, पॅनेल गेलं." आमचे दाजी सोबत होते. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "जुन्यात पैसे घालणं हा दरिद्रीपणा आहे, टाक भंगारात."

मी तो उचलला आणि आमच्या गल्लीत रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांकडे नेला. मागचं झाकण उघडलं तर जाळीच्या आत मागाचं तूस थराथरानं बसलेलं. काकांनी ब्रशनं ते झाडलं आणि बोर्डवर बोट ठेवलं. तिथं वीज साठवणारे छोटे डबीसारखे भाग असतात, कपॅसिटर. त्यांची डोकी सपाट असतात. दोघांची वर फुगली होती आणि एकाच्या डोक्यावर तपकिरी चिकट डाग होता. १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचे. दोन्ही काढले, उणे बाजूची पट्टी बघून नवे डागले, वायर लावली. दिवा लागला आणि माझं अर्धवट राहिलेलं डिझाइन समोर आलं. काकांनी घेतले तेवढ्या पैशात नवीन मॉनिटरची केबलसुद्धा आली नसती.

यात नवल काहीच नाही. तापमान १० अंशांनी वाढलं की अशा कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, हा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना ठोकताळा आहे. सोलापूरचा उन्हाळा ४० च्या वर, त्यात पत्रा, त्यात तूस बसून हवा बंद. ८५ अंशांपर्यंतच्या उष्णतेसाठी बनवलेला जुना कपॅसिटर इथं टिकायचा कसा? बदलताना १०५ अंशांचाच मागा.

दरिद्रीपणा कुणाचा म्हणाल तर न उघडता निदान करणाऱ्याचा. दाजींना मी हे तेव्हाही सांगितलं होतं. चांगली वस्तू बारक्या भागापायी फेकणं याला ऐपत म्हणत नाहीत. ज्या गावात तुटलेला धागा गाठ मारून पुढं विणतात तिथं तरी असं बोलू नये.

मात्र झाकण स्वतः उघडू नका. वायर काढल्यावरही त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर दाब राहू शकतो. काच तडकली असेल तर माझं सगळं सोडा, नवीनच घ्या. आणि तुमच्या मॉनिटरला बाहेरून वेगळा अडॅप्टर असेल तर केबल बदलायचा प्रश्नच नाही. आधी तेवढ्याच व्होल्टचा, तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा आणि तशाच पिनचा दुसरा अडॅप्टर लावून बघा. पुष्कळदा मॉनिटर धड असतो आणि अडॅप्टरच मेलेला असतो.