रुग्णालयं सोशल मीडियावर लोकांशी बोलतात की नुसती जाहिरात करतात?

तुमचा प्रश्न आहे की रुग्णालयांची फेसबुक-इन्स्टाची पेजेस नुसती शोभेची असतात की त्यातून लोकांशी खरंच संवाद होतो. मी एका खासगी रुग्णालयाचं हेच काम बघतो (नाव नको), त्यामुळे आतली बाजू सांगतो.

जाहिरात असतेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. नवीन मशीन आलं, नवे सर्जन रुजू झाले, जागतिक मधुमेह दिन आला की पोस्ट पडते. तिला लाइक बहुतेक आमच्याच स्टाफचे. जाहिरातीवर बंधनंही आहेत. २००२च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांनुसार डॉक्टरने स्वतःची जाहिरात करून पेशंट ओढायचे नाहीत. दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, सुट्टीनंतर पुन्हा काम सुरू केलं, अशा मोजक्याच गोष्टी जाहीर करता येतात. ऑगस्ट २०२३मध्ये सोशल मीडियासाठी वेगळी कलमं असलेले नवे नियम आले आणि त्याच महिन्यात स्थगितही झाले. 'आरोग्यजागृती'च्या नावाखाली काय काय खपतं ते तुम्ही रील्समध्ये बघताच.

खरं बोलणं होतं ते कॉमेंटमध्ये आणि त्याहून जास्त व्हॉट्सअॅपवर. कॅन्सरवरची रील मरमरून बनवावी आणि खाली पहिली कॉमेंट यावी, 'हाडांचे डॉक्टर कोणत्या वारी असतात?' मग 'महात्मा फुले योजना चालते का?', 'कॅशलेस आहे का?' लोकांना हेच हवं असतं आणि त्यात चूक काहीच नाही. आमच्या पेजवर सर्वांत जास्त शेअर होतं ते ओपीडीचं वेळापत्रक.

सर्वांत नाजूक काम म्हणजे रिव्ह्यूला उत्तर देणं. कुणीतरी लिहितं, 'आईकडे लक्ष दिलं नाही, बिल मात्र लाखात.' फाइल उघडली तर हकिकत वेगळीही निघते. पण ती लिहिता येत नाही. 'आपल्या आई आमच्याकडे दाखल होत्या' एवढं कबूल केलं तरी पेशंटची माहिती चव्हाट्यावर आणली असं होतं. म्हणून सगळीकडे तेच छापील उत्तर दिसतं: 'आपल्या अनुभवाबद्दल खेद आहे, कृपया या नंबरवर संपर्क साधा.' तुम्हाला ते कोरडं वाटतं, आम्हालाही वाटतं. मात्र निदान आमच्याकडे तरी त्या तक्रारीचा स्क्रीनशॉट लगेच वरिष्ठांच्या ग्रुपवर जातो आणि संबंधित वॉर्डला जाब विचारला जातो.

रक्ताचं आवाहन हा वेगळाच प्रकार. त्यात रक्तगट, रक्तपेढी, तारीख आणि 'संध्याकाळी ६ पर्यंतच' हे सगळं आम्ही फोटोवरच लिहितो, कारण फॉरवर्ड होताना खालचा मजकूर गळून पडतो. पेशंटचं नाव नाही, नातेवाइकाचा मोबाइल तर नाहीच; नाहीतर पेशंट घरी जाऊन महिने लोटले तरी त्या माणसाला फोन येत राहतात. 'रक्त मिळालं, आता येऊ नका' ही पोस्टही टाकतो, पण ती कुणी पुढे पाठवत नाही.

संकटात मात्र या माध्यमाची ताकद दिसते. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, २३ एप्रिल २०२१ला सकाळी दिल्लीच्या मॅक्स रुग्णालयाने ट्विटरवर जाहीर केलं की साकेत भागातल्या त्यांच्या रुग्णालयांत तासाभराचाही ऑक्सिजन उरलेला नाही आणि ७००हून जास्त रुग्ण दाखल आहेत. एरवी असली गोष्ट कुठलंही रुग्णालय चार भिंतींबाहेर जाऊ देणार नाही. त्या दिवसांत दिल्लीतल्या इतर रुग्णालयांनीही असाच जाहीर टाहो फोडला, कारण फोनाफोनीने काम होत नव्हतं.

तुम्ही पेशंट किंवा नातेवाईक म्हणून हे पेज वापरणार असाल तर वेळा, योजना, तक्रार यासाठी जरूर वापरा. तक्रार लिहिताना तारीख आणि विभाग लिहा, पण रिपोर्ट उघड्यावर टाकू नका. रात्री दोनला छातीत दुखतंय म्हणून ईसीजीचा फोटो इनबॉक्समध्ये टाकणारे लोक आम्हाला भेटतात. त्या वेळी इनबॉक्स बघायला बहुतेक ठिकाणी कुणी नसतं. १०८ला फोन करा, किंवा कुणाला तरी गाडी काढायला सांगून थेट कॅज्युअल्टी (तातडीचा विभाग) गाठा.